मसुदा शेवटच्या पानापासून वाचावा

देवरुखकडच्या, कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: 'नवी राज्यघटना मंजुरीला आली की त्या देशातली शहाणीसुरती माणसंही दोन टोकांना का जातात? विरोध करणारे म्हणजे घटनेचे शत्रूच का? आपल्या घटनेवर तर लोकांचं मतदान कधी झालंच नाही, मग "आम्ही भारताचे लोक" हे शब्द कोणत्या अधिकाराने आले? कॉलेजच्या वादविवादात मला "मान्यता देऊ नये" ही बाजू आली आहे आणि तयारी करताना उगाच अपराधी वाटतंय.'

अपराधी वाटायचं काही कारण नाही. जगातल्या बऱ्याच घटनांमधला चांगला भाग विरोधकांनी भांडून आत घालायला लावलेला आहे. ते कसं, ते सांगतो.

मी घटनातज्ज्ञ नव्हे. रत्नागिरीच्या कोर्टात तीस वर्षांहून जास्त वकिली झाली. त्यातली निम्मी कूळकायद्यात आणि वाटपाच्या दाव्यांत गेली, उरलेली धर्मादाय कार्यालयाच्या पायऱ्या चढण्यात. पण 'घटना' हा शब्द मी रोज वापरतो. कोकणात प्रत्येक देवस्थानाची, प्रत्येक वाडीच्या मंडळाची आणि मुंबईत भाड्याच्या खोलीतून चालणाऱ्या प्रत्येक ग्रामस्थ मंडळाची एक 'घटना' असते. अशा पंचवीस-तीस घटना मी लिहिल्या, काही कोर्टात पाडल्याही. देशाच्या घटनेवरून आणि देवळाच्या घटनेवरून माणसं भांडतात ती कारणं फारशी वेगळी नसतात, असं माझं या वयाचं मत झालं आहे.

एका गावाचं सांगतो, नाव नको. सात वाड्यांचं देवस्थान. मे महिना, चाकरमानी आलेले, सभामंडपात घामाच्या धारा. मी मसुदा वाचत होतो. विश्वस्त किती, हिशेब कधी, शिमग्यात पालखी कोणत्या वाडीत किती दिवस, सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटचं कलम वाचलं: 'या घटनेत दुरुस्ती करावयाची झाल्यास सातही वाड्यांची लेखी संमती आवश्यक राहील.' खाडीपलीकडच्या सगळ्यात लहान वाडीतले एक आजोबा खांबाला टेकून बसले होते. ते उठले. म्हणाले, "वकीलसाहेब, आमचा इरोध पालखीला न्हाय. पन आज आमच्या वाडीला येकच मानूस दिलात. उद्या दोन मागायचं झालं तर बाकीच्या सा वाड्या सही देतील? मग ह्यो कागद न्हाय वो, कुलूप हाय."

सभा तिथेच मोडली. खरं सांगायचं तर ते कलम मी विचार करून लिहिलेलंच नव्हतं. जुन्या एका घटनेतून उतरवून घेतलं होतं, ऐकायला बरं वाटतं म्हणून. त्या दिवसापासून कुठलाही मसुदा हातात आला की मी तो शेवटच्या पानापासून वाचतो. दुरुस्ती कशी करायची, अंमल कधीपासून, मधल्या काळात काय आणि मंजूर झाला नाही तर काय उरतं, हे आधी. प्रस्तावना सर्वांत शेवटी. प्रस्तावना कुणाचीच वाईट नसते.

आता अमेरिकेकडे या, कारण मान्यतेवरचा सगळ्यात गाजलेला वाद तिथला आणि तो आमच्या सात वाड्यांचाच होता. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात तेरा राज्यांनी एक करार केला होता. त्यात दुरुस्ती करायला तेराही राज्यांची संमती लागे. केंद्राकडे कर बसवायचा अधिकार नव्हता, युद्धाचं कर्ज डोक्यावर होतं. आयातीवर थोडा कर बसवू द्या, अशी दुरुस्ती आली तेव्हा 1782 मध्ये एकट्या रोड आयलंडने 'नाही' म्हटलं आणि ती मेली. रोड आयलंड म्हणजे नकाशात बोटाखाली झाकलं जाणारं राज्य.

1787 च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात प्रतिनिधी जमले ते या करारात दुरुस्ती सुचवायला. दारंखिडक्या बंद करून बसले आणि 17 सप्टेंबरला बाहेर आले ते नवी घटना घेऊनच. तिच्या शेवटच्या, सातव्या अनुच्छेदात लिहिलं की तेरापैकी नऊ राज्यांनी मान्यता दिली की त्या नऊंमध्ये ही घटना लागू. म्हणजे जुन्या कराराची एकमताची अट त्यांनी सरळ ओलांडली. आता सांगा, विरोधकांचं काय चुकलं होतं? त्यांचा पहिला मुद्दा हाच होता की तुम्हाला पाठवलं होतं घराची कौलं शाकारायला, तुम्ही घरच पाडून दुसरं बांधलंत. व्हर्जिनियाच्या सभेत पॅट्रिक हेन्रीने विचारलं की 'आम्ही लोक' असं म्हणायचा अधिकार यांना दिला कुणी, 'आम्ही राज्ये' असं का नाही म्हटलं? तुमचा तिसरा प्रश्न 1788 सालीच विचारून झालेला आहे, बघा.

दुसरा मुद्दा त्याहून वजनदार होता. या घटनेत नागरिकांच्या हक्कांची यादीच नव्हती. फिलाडेल्फियात शेवटपर्यंत बसूनही तिघांनी सही केली नाही, त्यातल्या जॉर्ज मेसनची मुख्य तक्रार हीच. 'ब्रूटस' या टोपणनावाने लिहिणारा एक विरोधक म्हणत होता की एवढ्या मोठ्या देशाचं एकच प्रजासत्ताक चालणार नाही, केंद्राची कर बसवायची ताकद आणि केंद्राची न्यायालयं मिळून राज्यांना गिळतील. समोरून हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे या तिघांनी 'पब्लियस' या एकाच नावाने 85 लेख लिहून काढले. त्यात हॅमिल्टनने हक्कांच्या यादीला विरोध केला आहे. जो अधिकार केंद्राला दिलेलाच नाही, तो वापरू नका असं लिहायचं कशाला? लिहिलंत तर उलट तो होता असंच कुणी म्हणेल. वकिली युक्तिवाद आहे, छान आहे, आणि माझ्या मते चुकीचा आहे. कागदावर नाव नसलेला हक्क कोर्टात किती टिकतो, हे सात-बारावर नाव नसलेल्या बहिणीला विचारा.

निकाल लागला तो मॅसॅच्युसेट्समध्ये. तिथे मत विरोधात जाणार असं दिसत होतं. मग तोडगा निघाला: मान्यता द्यायची, पण सोबत सुचवलेल्या दुरुस्त्यांची यादी जोडायची. 6 फेब्रुवारी 1788 ला 187 विरुद्ध 168 अशी ती मंजूर झाली. दहा माणसं इकडची तिकडे बसती तर पडली असती. पुढच्या बहुतेक राज्यांनी हाच धडा गिरवला. व्हर्जिनियात 89 विरुद्ध 79, न्यूयॉर्कमध्ये 30 विरुद्ध 27. आमच्या रोड आयलंडने थेट लोकांचं मतदान घेतलं. समर्थकांनी त्यावर बहिष्कार टाकला आणि घटना अकरापट मतांनी पडली. पुढे मे 1790 मध्ये, वॉशिंग्टन अध्यक्ष होऊन वर्ष उलटल्यावर, त्यांनी 34 विरुद्ध 32 ने होकार दिला. (गुलामांना आणि स्त्रियांना यात कुठेच कुणी विचारलं नाही. 'आम्ही लोक' मोजताना हेही मोजायचं.)

आणि हक्कांची यादी? आधी तिची गरज न वाटणाऱ्या मॅडिसननेच 1789 मध्ये ती संसदेत मांडली. 15 डिसेंबर 1791 ला दहा दुरुस्त्या लागू झाल्या. आज अमेरिकन माणूस 'माझी घटना' म्हणून छातीवर हात ठेवतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा याच दहा असतात, म्हणजे हरलेल्या बाजूचा मजकूर. हे झालं कारण नव्या घटनेत दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती लागत नव्हती, तीन चतुर्थांश पुरत होती. कुलूप काढून कडी लावली होती.

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या, वादविवादात उपयोगी पडेल. 'नाही' म्हणणारे सगळे एका बाकावर बसलेले नसतात. हे मला पुस्तकातून नाही, मिरकरवाड्याच्या बंदरावर कळलं.

2015 चे गणपती 17 सप्टेंबरला आले. त्याच्या आदल्याच दिवशी काठमांडूच्या संविधान सभेत नव्या घटनेवर मतदान झालं होतं. 20 तारखेला ती जाहीर झाली आणि तिथल्या सरकारने लोकांना दिवे लावायला सांगितलं. माझ्या एका अशिलाचा ट्रॉलर आहे. सणाला होड्या बंदरात होत्या. त्याच्याकडे दोन नेपाळी खलाशी, दोघेही सुदूरपश्चिमेचे. एक अछामचा, डोंगरातला. दुसरा थारू जमातीचा, खाली तराईतल्या, म्हणजे सपाटीवरच्या कैलालीचा. संध्याकाळी कागद घेऊन मी धक्क्यावर गेलो तर अछामच्या पोराने केबिनच्या कडेला पाचसहा पणत्या लावलेल्या, वाऱ्याने विझत होत्या आणि तो पुन्हा पुन्हा काडी ओढत होता. दुसरा जाळ्याच्या ढिगावर पाठ करून बसला होता. जेवलाही नव्हता. मालक मला म्हणाला, "दोघं एकाच मुलखातले, आणि कालपासून एकमेकांशी बोलत नाहीत. यांच्यात काय शिरलंय ते विचारा जरा."

विचारलं. शिरला होता तो प्रांतांचा नकाशा. थारूंना तराईतला त्यांचा वेगळा प्रांत हवा होता. डोंगरातल्यांना सुदूरपश्चिम अखंड हवा होता, डोंगर आणि तराई एकत्र. मसुदा डोंगरातल्यांच्या बाजूने गेला. ऑगस्टमध्ये कैलालीतल्या टीकापूरला मोर्चाचं रूपांतर हिंसेत झालं, पोलीस मारले गेले, एक लहान मूलही गेलं. मग घरं जाळली गेली, संचारबंदी लागली. जाळ्यावर बसलेल्याचा भाऊ त्या वेळी कुठे होता, हे घरच्यांनाही माहीत नव्हतं. नवा तालुका झाला की कचेरी कुठे, यावरून आपल्याकडे मोर्चे निघतात. तिथे तर प्रांताची हद्द होती.

आता आकडे बघा. 598 जणांच्या सभेत बाजूने 507, विरोधात 25. म्हणजे जवळजवळ 85 टक्के सभासदांचा होकार. पण ते 25 कोण? हिंदू राष्ट्र पुन्हा आणा म्हणणारे. आणि तराईतल्या मधेसी लोकांचे पक्ष? ते मतदानालाच आले नाहीत. त्यांचं म्हणणं, ही घटना पुरेशी संघराज्यवादी नाही, आमच्या लोकसंख्येएवढ्या जागा आम्हाला नाहीत. एकाला घटना फार पुढे गेलेली वाटते, दुसऱ्याला फार मागे राहिलेली, आणि मोजदादीत दोघेही 'विरोधक'. त्या दोघांना एका खोलीत कोंडलं तर ते घटनेपेक्षा एकमेकांशीच जास्त भांडतील.

समर्थकांचीही बाजू पोकळ नव्हती. 2008 साली निवडलेली पहिली संविधान सभा चार वर्षं घासून घासून 2012 मध्ये घटना न देताच संपली होती. एप्रिल 2015 मध्ये भूकंप झाला. दुसरीही सभा अशीच गेली तर लोकांचा सगळ्यावरूनच विश्वास उडेल, ही भीती खरी होती. 'आधी होऊ दे, मग दुरुस्त करू' हा त्यांचा युक्तिवाद. आणि चारच महिन्यांत, जानेवारी 2016 मध्ये, पहिली दुरुस्ती झालीही. लोकसंख्येचा आणि समावेशाचा मुद्दा तिने काही अंशी सोडवला. प्रांतांच्या हद्दी तशाच राहिल्या. माझ्या मते मधेसी आणि थारूंचा आक्षेप मसुद्याइतकाच क्रमावर होता: आधी आमचं ऐका मग दिवे लावा, की आधी दिवे लावा मग आमचं ऐकू? ज्याच्या गावात संचारबंदी आहे त्याला 'मग' या शब्दावर विश्वास ठेव म्हणणं सोपं नाही.

ते दोघे पुढच्या हंगामात एकाच होडीवर नव्हते, एवढं मालकाने सांगितलं.

लोकांना थेट विचारलं तर? तुमच्या प्रश्नात असा सूर आहे की सार्वमत घेतलं की वाद मिटतो. मिटत नाही. मतपत्रिकेवर हो किंवा नाही एवढंच मावतं आणि लोकांच्या मनात त्याहून बरंच असतं.

आपल्या किनाऱ्यावरच एक नमुना आहे. तो घटनेवरचा नव्हता, पण प्रश्न त्याच जातीचा होता. 16 जानेवारी 1967 ला गोव्यात जनमत कौल झाला: महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाला 'फूल' आणि वेगळं राहायला 'दोन पानं'. फुलाला 1,38,170 मतं, दोन पानांना 1,72,191. माझ्या आईचं माहेर डिचोलीचं. थोरला मामा फुलाचा, धाकटा दोन पानांचा. आजीने त्या महिन्यात दोघांची पानं वेगवेगळ्या वेळी वाढली, असं आई सांगायची. (आजीने स्वतः काय केलं ते तिने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही.) गंमत पुढची आहे. विलीनीकरणाचे पुढारी भाऊसाहेब बांदोडकर. कौल निःपक्ष व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने आधी राजीनामा दिला होता. कौल त्यांच्या विरोधात गेला, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत लोकांनी पुन्हा त्यांच्याच पक्षाला निवडून दिलं. म्हणजे गोवेकरांनी प्रश्न आणि माणूस वेगळा ठेवला. हे फार थोड्या ठिकाणी जमतं.

केनियात जमलं नाही. 2005 मध्ये तिथे घटनेच्या मसुद्यावर मतदान झालं, तेही चिन्हांवर: 'हो'ला केळं, 'नाही'ला संत्रं. मतदान घटनेवरचं राहिलंच नाही, ते अध्यक्ष किबाकींवरचं झालं. संत्रं जिंकलं आणि पुढे त्याच नावाचा पक्षही निघाला. 2007 च्या निवडणुकीनंतर देशात रक्तपात झाला, तेव्हा कुठे सगळे शुद्धीवर आले आणि 2010 मध्ये दुसरा मसुदा दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाला. त्यालाही चर्चचा विरोध होता, गर्भपाताच्या आणि मुस्लिमांच्या काझी न्यायालयांच्या कलमांवरून. तो विरोध मतपेटीत हरला आणि लोकांनी निकाल मानला.

चिली तर तुमच्या बाजूसाठी सोन्याची खाण आहे. 2020 मध्ये 78 टक्के लोकांनी 'नवी घटना हवी' म्हटलं. जुनी होती ती पिनोशेच्या लष्करी राजवटीतली, 1980 ची. निवडून आलेल्या सभेने 388 अनुच्छेदांचा मसुदा लिहिला. त्यात मूळनिवासींची वेगळी राष्ट्रं मान्य केली, सिनेट काढून टाकलं, पाण्यापासून घरापर्यंत सगळ्याचे हक्क घातले. 4 सप्टेंबर 2022 ला जवळजवळ 62 टक्क्यांनी तो फेटाळला गेला. मापुचे मूळनिवासींचा आराउकानिया प्रांत, तिथेही तो जोरात पडला. मग दुसरा मसुदा उजव्या बाजूच्या बहुमताने लिहिला गेला आणि डिसेंबर 2023 मध्ये तोही पडला. पहिल्या वेळचे 'हो'वाले दुसऱ्या वेळी 'नाही'वाले झाले होते, आणि उलटही. मग उरलं काय? पिनोशेच्या काळातलीच, पण मधल्या वर्षांत खूपदा दुरुस्त झालेली जुनी घटना. आणि पहिल्या मतदानाच्या काही दिवसच आधी तिथल्या संसदेने जुन्या घटनेच्या दुरुस्तीला लागणारं बहुमत खाली आणून ठेवलं होतं. म्हणजे 'नाही' म्हटलं तरी दार बंद होणार नाही, अशी सोय आधीच झाली होती. शेवटचं पान वाचा म्हणतो ते यासाठी.

फ्रान्सचं एका वाक्यात: मे 1946 मध्ये मसुदा फेटाळला, ऑक्टोबरमध्ये दुसरा कसाबसा मंजूर केला, तोही साधारण तिसरा हिस्सा मतदार घरी बसलेले असताना, आणि बारा वर्षांत ती घटना गेली. उलट पश्चिम जर्मनीच्या 1949 च्या मूलभूत कायद्यावर, म्हणजे तिथल्या घटनेवर, सार्वमत झालंच नाही. राज्यांच्या विधानसभांनी मान्यता दिली, बव्हेरियाने 'नाही' म्हटलं, पण सोबत असंही ठरवलं की दोन तृतीयांश राज्यांनी होकार दिला तर आम्हालाही तो बंधनकारक. तो कायदा अजून चालू आहे.

आता आपल्याकडचं, म्हणजे तुमचा खरा प्रश्न.

संविधान सभा 9 डिसेंबर 1946 ला पहिल्यांदा बसली. तिचे सभासद प्रांतिक विधिमंडळांनी निवडलेले आणि ती विधिमंडळं निवडणाऱ्यांत प्रौढांपैकी तीस टक्केसुद्धा नव्हते; मताला मालमत्तेची, शिक्षणाची, कराची अट होती. संस्थानांचे प्रतिनिधी वेगळेच. हा आक्षेप आजचा नाही, त्याच सभेत उभं राहून घेतलेला आहे. 4 नोव्हेंबर 1948 ला मसुदा मांडला जात होता तेव्हाच मौलाना हसरत मोहानी यांनी म्हटलं की नवी, योग्य रीतीने निवडलेली सभा येईपर्यंत हे थांबवा. 'इन्किलाब जिंदाबाद' ही घोषणा ज्यांच्या नावावर आहे, तेच हे. शेवटी त्यांनी सहीही केली नाही. के. हनुमंतय्या म्हणाले होते की आम्हाला वीणेचं, सतारीचं संगीत हवं होतं, इथे इंग्रजी बँड वाजतोय. साम्यवादी आणि समाजवादी बाहेरून टीका करत होतेच. यातल्या कुणालाही त्या सभेने देशद्रोही ठरवलं नाही. भाषणं छापली आणि पुढचं कलम घेतलं. 7,635 दुरुस्त्या आल्या होत्या, त्यातल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मला विचाराल तर आपल्याकडची 'मान्यता' जी काही झाली ती या रखडपट्टीत झाली.

बाबासाहेबांनी उत्तर दिलं ते 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात. लोक त्यातली भक्तीबद्दलची आणि विरोधाभासाच्या जीवनाबद्दलची वाक्यं सांगतात. वकिलाने त्याआधीचा भाग वाचावा. ते टीकाकारांची नावं घेऊन त्यांच्या मागण्या मांडतात आणि मग म्हणतात ते साधारण असं: ज्यांना ही घटना पटत नाही त्यांनी फक्त दोन तृतीयांश बहुमत मिळवावं, प्रौढ मतदानाने निवडलेल्या संसदेत तेवढंही मिळवता आलं नाही, तर त्यांची नाराजी साऱ्या जनतेची आहे असं धरता येणार नाही. बघा, म्हणजे त्यांनीही शेवटचंच पान दाखवलं. मंडणगडच्या आंबडव्याच्या माणसाने आमच्या खाडीपलीकडच्या आजोबांना दिलेलं उत्तरच आहे ते.

आणि अनुच्छेद 395. शेवटचाच. ज्या 1947 च्या ब्रिटिश कायद्याने या सभेला अधिकार दिले, तो कायदाच त्याने रद्द केला, गव्हर्नर जनरलची संमतीही मागितली नाही. फिलाडेल्फियावाल्यांनी केलं तेच थोड्या सभ्यपणे. 'कोणत्या अधिकाराने' या प्रश्नाचं काटेकोर कायदेशीर उत्तर कुठल्याच नव्या घटनेकडे नसतं, कारण तो अधिकार देणारा कागद तीच फाडत असते. अधिकार मागाहून येतो, लोक ती वापरू लागले की.

कोकणात तो कसा आला ते माझ्या फायलींत आहे. खोतीचं राज्य, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोताच्या हातात गाव, इथल्या माणसाला सांगायला नको. अलिबागजवळ चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 पासून सहा वर्षं शेतं पडीक ठेवून संप केला. बाबासाहेबांनी 1937 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं विधेयक आणलं. 1950 मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला. आणि नेमक्या त्याच वेळी नवी घटना आली, मालमत्तेचा मूलभूत हक्क घेऊन! देशभर जमीनदार कोर्टात धावले आणि बिहारचा जमीन सुधारणा कायदा पाटणा उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. मालमत्तेच्या हक्काबद्दल समाजवाद्यांनी दिलेला इशारा अगदीच फुकट नव्हता. जून 1951 मध्ये, पहिली सार्वत्रिक निवडणूक होण्याआधी, पहिली दुरुस्ती झाली आणि नववं परिशिष्ट आलं, म्हणजे मूलभूत हक्कांच्या कारणावरून कोर्टाला रद्द करता येऊ नयेत अशा कायद्यांची यादी. मूळच्या तेरा कायद्यांच्या त्या यादीत दुसरा आपला कूळकायदा आणि सहावा खोती निर्मूलनाचा. माझ्या वडिलांकडून आलेल्या कपाटात त्या काळातल्या अर्जांच्या नकला आहेत, निळ्या शाईचे अंगठे उमटलेल्या. 1946 च्या निवडणुकीत त्या अंगठ्यांपैकी कुणाला मत नव्हतं. ते अंगठे मी मान्यतेची मतं म्हणून मोजतो. कायद्याला हे पटणार नाही, मला पटतं.

मग दुरुस्ती जितकी सोपी तितकी घटना चांगली का? तसंही नाही. हंगेरीत 2011 मध्ये सत्ताधारी युतीने स्वतःच्या दोन तृतीयांश बळावर नवी घटना केली. सार्वमत नाही, विरोधी पक्षांतले काही मतदानालाच आले नाहीत. आणि दुरुस्तीलाही तेच दोन तृतीयांश पुरतात, त्यामुळे दहाहून जास्त वेळा ती बदलली. ते दार नव्हे, पडदा झाला. आपल्याकडे 1973 मध्ये केशवानंद भारती खटल्यात मूलभूत चौकटीला हात लावता येणार नाही असं ठरलं ते याच भीतीने. आमच्या देवळाचंही अखेर तसंच जुळलं: सातपैकी पाच वाड्या आणि हजर असलेल्यांपैकी दोन तृतीयांश, मात्र एखाद्या वाडीतली पालखी बंद करायची तर त्या वाडीची संमती हवीच. अमेरिकन घटनेच्या पाचव्या अनुच्छेदात तसंच आहे. सिनेटमधला सारखा वाटा कुठल्याही राज्याकडून त्याच्या संमतीशिवाय काढून घेता येत नाही. मी तिथून ढापलं, गावाला सांगितलं नाही. आजोबांना तेव्हा एकच माणूस मिळाला. दुसऱ्यासाठी ते दर मे महिन्यात नोटीस देत राहिले. दोनदा पडली, तिसऱ्यांदा मंजूर झाली.

तर तुमच्या स्पर्धेपुरतं. 'मान्यता देऊ नये' म्हणताना घटनाच नको असं बोलू नका, तिथेच हराल. 'या रूपात, या घाईने, यांना वगळून नको' असं बोला. मोहानी घ्या, मेसन घ्या, चिलीचे दोन्ही नकार घ्या. नेपाळचा 507 हा आकडा समोरचाच आणेल. तो आणला की कोण आलंच नव्हतं ते विचारा. रोड आयलंडला मात्र हात लावू नका, ते उदाहरण उलटतं. आणि समोरच्याने 'आधी मंजूर करा, मग दुरुस्त करू' म्हटलं, जे तो म्हणणारच, तर शांतपणे एकच प्रश्न टाका: दुरुस्तीचं कलम कितवं आहे आणि ते वाचून दाखवाल का? बहुतेकांनी ते वाचलेलं नसतं. मीही वाचलं नव्हतं, आणि लिहिलं तर मीच होतं.